बटाट्याच्या पेशीतले प्रथिन आणि डॉ. कमला सोहोनी

चिरलेला बटाटा थोड्याच वेळात काळा पडतो, हे तुम्ही सातारा-सांगलीच्या कुठल्याही स्वयंपाकघरात पाहिले असेल. पेशी फुटल्या की आतली द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे रंग बदलतो. अशा बटाट्यातून पेशीच्या श्वसनाचे प्रथिन शोधणे सोपे नव्हते. ते काम एका मराठी संशोधिकेने केले.

कमला भागवत यांचा जन्म 1911 चा, इंदूरचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, बहीण लेखिका दुर्गा भागवत. 1933 मध्ये पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी पहिले वर्ष परीक्षेवर, या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले आणि केंब्रिज गाठले.

तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी सापडले. वनस्पतींच्या श्वसनातही या प्रथिनाचा सहभाग असतो, हे त्यांनी दाखवले. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली; प्रबंध अवघा 40 पानांचा होता.

हे प्रथिन कुठे असते? पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात. तिथे ते इलेक्ट्रॉनची ने-आण करते. आज प्रथिनांच्या अभ्यासासाठी तंतुकणिका वेगळ्या काढतात, ती पद्धत 1948 नंतर रूढ झाली. ऊती बर्फावर, साखरेच्या द्रावणात हलक्या हाताने कुटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये आधी हळू फिरवल्यावर केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी तळाशी बसतात. वरचा द्रव वेगाने फिरवला की तंतुकणिकांचा गोळा मिळतो. जोर जास्त झाला, तर बाहेरचे आवरण फाटते आणि सैल बसलेले सायटोक्रोम-सी निसटते. ते किती निसटले, यावरून तंतुकणिका शाबूत आहेत का, हे तपासता येते.

तुमच्याशी याचा संबंध काय? तंतुकणिकांच्या आजाराची शंका असली, तर डॉक्टर स्नायूचा छोटा तुकडा तपासायला सांगू शकतात. काही तपासण्यांना तो ताजाच लागतो, कारण गोठवल्यावर आवरणे फाटतात. त्यामुळे सातारा किंवा सांगलीत राहणाऱ्या रुग्णाला बायोप्सीसाठी प्रयोगशाळा असलेल्या मोठ्या केंद्रात जावे लागू शकते. नमुना कुठे आणि कसा पाठवणार, हे आधीच विचारून घ्या.

भारतात परतल्यावर कमलाबाईंनी दिल्ली, कुन्नूर आणि मुंबईत अध्यापन व संशोधन केले. नीरेच्या पोषणमूल्यावरील कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालिकाही झाल्या. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्या वेळी बटाटा चिराल, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.