मनूचे सवंगडी

मैत्रिणींनो, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत दोन-तीन तरी झाशीच्या राण्या असतातच. नऊवारी, पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बांधलेली बाहुली. घोडा मात्र कुणाकडेच नसतो! मला राणी आठवते ती घोड्यासकट. लहानपणी आमच्या गल्लीतली टांगेवाल्यांची पोरं संध्याकाळी घोडे धुवायला खाम नदीवर न्यायची. ना खोगीर, ना रिकीब. आयाळ धरायची नि निघायचं. आम्ही मुली ओट्यावरून बघायचो. मीही बसू का, असं एकदा घरी विचारलं. काय उत्तर मिळालं असेल ते तुम्हाला सांगायला नकोच.

मनूला मात्र कुणी अडवलं नाही. मणिकर्णिका तांबे काशीत जन्मली. साल कुणी १८२८ धरतात, कुणी १८३५. आई भागीरथीबाई ती लहान असतानाच गेली. वडील मोरोपंत तिला घेऊन बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला आले. राज्य गेलेले पेशवे तिथे इंग्रजांच्या पेन्शनवर राहत होते. घरात आई नाही, म्हणून पोर वाड्यातल्या मुलांत वाढली. नानासाहेब, रावसाहेब हे तिचे सवंगडी. जे ते शिकले ते तीही शिकली: अक्षरं, तलवार आणि घोडा. (सिनेमात तात्या टोपेही बरोबरीने खेळताना दाखवतात, पण ते वयाने बरेच मोठे. खेळगडी कसले!) आई असती तर ती अशी उंडारली असती का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

१८४२ मध्ये झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झालं. नवरा बिजवर, वयाने खूप मोठा. मनूची लक्ष्मीबाई झाली आणि बिठूरचे सोबती बिठूरलाच राहिले. पण पडद्यात बसून कुढण्यापेक्षा तिने वाड्यातल्या बायकांनाच घोड्यावर बसायला शिकवलं, असं सांगतात. त्यांतली मुंदर शेवटपर्यंत तिच्या सोबत होती.

१८५१ मध्ये मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये दामोदररावाला दत्तक घेतलं आणि लगेच नवराही गेला. १८५४ मध्ये इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. विधवेने कोपऱ्यात बसावं असा तो काळ. पण बाई मल्लखांब करत होत्या, घोडा फिरवत होत्या. वेढ्याच्या वेळी झाशीत असलेल्या वरसईच्या गोडसे भटजींनी हे ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलंय.

आपल्या शहराचाही यात एक धागा आहे. जून १८५७ मध्ये इथल्या छावणीतले हैदराबाद कंटिंजंटचे घोडेस्वार इंग्रजांविरुद्ध उठले. त्यांच्यातल्या कित्येकांना देहदंड झाला. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्याची खूण. आणि पुढे त्याच कंटिंजंटचं सैन्य सर ह्यू रोजबरोबर झाशीवर चालून गेलं!

एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली. रात्री दामोदरला पाठीशी बांधून राणी किल्ल्याबाहेर पडली आणि सुमारे शंभर मैलांवरच्या काल्पीला पोचली. तिथे रावसाहेब होते. बिठूरच्या अंगणातले सोबती आता रणांगणावर भेटले. त्याच दिवसांत एका विहिरीपाशी ती गोडसे भटजींना दिसली. पठाणी वेष, अंगभर धूळ. तहानलेली राणी ओंजळीनेच पाणी प्यायली.

ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय इथे १७ जून १८५८ ला (काही जण १८ म्हणतात) शेवटची लढाई झाली. त्या दिवशी राणीचा नेहमीचा घोडा नव्हता, नवा घोडा ओढ्याशी अडला, असं सांगतात. मुंदरही त्याच लढाईत पडली. छोटा दामोदर वाचला. दोन वर्षं रानोमाळ भटकला, मग त्याला इंग्रजांची तुटपुंजी पेन्शन मिळाली. १९०६ मध्ये तो इंदूरला वारला. झाशी काही त्याला परत मिळाली नाही.