इब्न मुकला : अक्षराला माप देणारे बगदादचे वजीर

लग्नपत्रिकेवर सगळ्यात वर बिस्मिल्लाह असते. मशिदीच्या बोर्डावर, मदरशाच्या जलशाच्या फ्लेक्सवर, दुकानात गल्ल्यामागे लावलेल्या फ्रेममध्ये अरबी अक्षरे असतात. आम्ही ती रोज बघतो आणि पुष्कळदा बघून वाईट वाटते. डिझाइन करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अरबी नीट बसलेली नसते, मग जोडून यायची अक्षरे सुटी पडतात, कधी तर उलट्या क्रमाने डावीकडून उजवीकडे छापली जातात. जागा भरायची म्हणून शब्द आडवा ताणला की अलिफ खांबासारखा जाड होतो आणि बाकीचा शब्द चपटा. पत्रिका वाटून होते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

या अक्षरांना काटेकोर माप घालून देण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते अबू अली मुहम्मद इब्न अली इब्न मुकला. अब्बासी खिलाफतीचे तीन वेळा वजीर. आणि याच माणसाचा उजवा हात त्याच्याच सरकारने तोडला.

त्यांचा जन्म हिजरी २७२ चा, म्हणजे इसवी सन ८८५-८६, बगदादचा. घराणे बड्या लोकांचे नव्हते. मुकला या अरबी शब्दाचा अर्थ डोळ्याचे बुबुळ. अक्षरे डोळ्यांनी तोलणाऱ्या माणसाला नावही असेच मिळावे, हा योगायोगच म्हणायचा. सुरुवात झाली ती इराणच्या फार्स प्रांतात शेतसारा वसूल करण्याच्या नोकरीने. पुढे ९०८ मध्ये इब्न अल-फुरात वजीर झाले आणि त्यांनी या हुशार तरुणाला बगदादच्या कचेरीत घेतले. काम काय, तर सरकारी टपाल उघडायचे आणि रवाना करायचे. ऐकायला साधे वाटते, पण इजिप्तच्या सीमेपासून खुरासानपर्यंतची पत्रे ज्याच्या हातून जातात, त्याला राज्यात कुठे काय शिजते आहे ते सगळ्यांच्या आधी कळते. अक्षर कसे असले म्हणजे वाचणारा अडखळत नाही, तेही अशाच जागी कळते.

त्या काळचे बगदाद कागदाचे शहर होते. आठव्या शतकाच्या अखेरीस तिथे कागद बनू लागला होता. पुस्तके उतरवून विकणाऱ्या वर्राकांचा स्वतंत्र बाजार होता. कुरआन शरीफच्या प्रती मात्र अजून बहुतेक चामड्याच्या पानांवर, कूफी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भारदस्त, कोनदार लिपीत लिहिल्या जात. कचेरीतल्या आणि बाजारातल्या कातिबांचे वळण वेगळे, गोलाकार, भरभर लिहायचे. तेच लोकांच्या जास्त वापरात होते, पण त्याला शिस्त नव्हती. प्रत्येक कातिबाचा हात निराळा.

इब्न मुकला यांनी या गोल वळणाला माप दिले. परंपरा सांगते ती पद्धत अशी. कलम, म्हणजे आपला बोरू, तिरका कापायचा आणि कागदावर टेकवून एकदाच दाबून ओढायचा. चौकोनी हिऱ्यासारखा एक नुक्ता उमटतो. हा नुक्ता म्हणजे गज. असे ठरावीक नुक्ते एकावर एक रचले की तेवढी अलिफची उंची. ती अलिफ व्यास धरून एक वर्तुळ काढायचे. मग नूनचे पोट म्हणजे त्या वर्तुळाचा अर्धा भाग, रे म्हणजे पाव भाग, अशी सगळी अक्षरे अलिफ, नुक्ता आणि वर्तुळ या तिघांशी बांधलेली. या लिखाणाला अल-खत्त अल-मन्सूब म्हणतात, प्रमाणात बसवलेले अक्षर.

यात खरी गंमत कुठे आहे बघा. इथे बोटे, वीत, इंच असले बाहेरचे माप नाहीच. माप बोरूच्याच टोकातून निघते. जाड बोरू घेतला तर नुक्ता मोठा, अलिफही तेवढीच मोठी, पण दोघांचे नाते तेच. तळहाताएवढ्या कागदावर लिहा नाहीतर मशिदीच्या घुमटावर, अक्षर बिघडत नाही. आपल्याकडचे उर्दू कातिब बोरूच्या या रुंदीला कत म्हणतात आणि नस्तालीकमधली अलिफ तीन कतांची, असे शागिर्दाला सांगतात. नस्तालीक इब्न मुकलांच्या नंतर काही शतकांनी इराणात घडली, तरी मोजायची रीत तीच राहिली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इब्न मुकलांच्या हातचा म्हणून सर्वांनी मान्य केलेला एकही कागद आज शिल्लक नाही. त्यांचे भाऊ अबू अब्दुल्लाह अल-हसन हेही नामांकित खुशनवीस होते आणि या पद्धतीचे मोठे श्रेय भावाचेच असावे, असे मानणारेही अभ्यासक आहेत. पण अरबी, फारसी, तुर्की जगाने हजार वर्षे नाव घेतले ते वजिराचे.

आता त्यांच्या राजकारणाकडे. खलिफा अल-मुक्तदिर तेराव्या वर्षी गादीवर आला होता. खजिना रिकामा, फौज पगारासाठी दारात, आणि वजीर बदलला की जुन्याला पकडून त्याची मालमत्ता वसूल करायची, ही ठरलेली रीत. ज्यांनी हात धरून वर आणले त्या इब्न अल-फुरात यांच्या विरोधकांत पुढे इब्न मुकलाही गेले. ९२८ मध्ये ते पहिल्यांदा वजीर झाले. त्यांनी मोठा वाडा आणि बाग उभारली, बागेवर जाळे ताणून आत दूरदूरचे पक्षी सोडले, असे वर्णन इतिहासात येते. दोन वर्षांत वजिरी गेली आणि वाड्याला आग लागली. स्वतः फार्सला हद्दपार.

९३२ मध्ये नवा खलिफा अल-काहिर याने बोलावून पुन्हा वजीर केले. त्याच्याशीही फाटले. इब्न मुकला भूमिगत झाले आणि लपून, वेश बदलून फौजेच्या सरदारांना त्याच्याविरुद्ध उठवत राहिले. ९३४ मध्ये अल-काहिरला गादीवरून ओढून त्याचे डोळे काढण्यात आले. नवा खलिफा अल-रादी, आणि वजीर तिसऱ्यांदा इब्न मुकला. त्यांना निव्वळ सोशिक कलावंत म्हणून रंगवणे आम्हाला पटत नाही. दरबारात जी हत्यारे त्यांच्यावर चालली, ती त्यांनीही चालवली होती.

याच तिसऱ्या वजिरीतली एक घटना आपल्या घरांत माहीत असायला हवी. कुरआनच्या पठणाच्या सात किराअत पक्क्या करण्याचे काम इब्न मुजाहिद यांनी केले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यांच्या पाठीशी सत्तेचे बळ उभे करणारे वजीर इब्न मुकलाच. इब्न शनबूज नावाचे एक कारी मान्य मुस्हफाबाहेरच्या पाठांनी तिलावत करत. ९३५ मध्ये त्यांना वजिरापुढे उभे केले, फटके मारले, आणि तौबा लिहून घेतली. फटके खाताना त्यांनी वजिराचा हात तुटो अशी बद्दुआ दिली, अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली. ती मागाहून जोडलेली असू शकते. पण लोकांना या दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या, यातच काय ते आले.

९३६ मध्ये वजिरी गेली आणि काही महिन्यांत सगळी सत्ता सेनापती इब्न राइक याच्याकडे गेली. त्याने इब्न मुकलांची जमीनजुमला जप्त केली. परत मिळवायची खटपट फुकट गेल्यावर त्यांनी खलिफाला गुपचूप कळवले की इब्न राइकला पकडा आणि त्याच्या जागी बजकम या तुर्क सरदाराला आणा. ती मसलत इब्न राइकच्या कानी गेली. इब्न मुकलांना धरून त्यांचा उजवा हात तोडण्यात आला.

कैदेत जखमेवर उपचार करायला साबित इब्न सिनान हे वैद्य जात. ते इतिहासकारही होते, म्हणून आतली हकीकत बाहेर आली. इब्न मुकला त्यांच्यापुढे रडत. ज्या हाताने खलिफांची चाकरी केली, ज्या हाताने दोन वेळा पूर्ण कुरआन लिहिले, तो चोराचा हात तोडावा तसा तोडला, हे दुःख त्यांना जखमेपेक्षा जास्त होते. तरीही वजिरीची आस सुटली नव्हती. तुटलेल्या मनगटाला बोरू बांधून ते लिहीत, आणि डाव्या हातानेही लिहीत. मग बजकम बगदादच्या जवळ येऊ लागला, तेव्हा त्यांची जीभही कापली गेली. जुलै ९४० मध्ये ते कैदेतच वारले. दफन आधी तिथेच झाले, नंतर घरच्यांनी मय्यत मागून नेली, आणि पुढे पुन्हा एकदा हलवली. तीन वेळा वजीर आणि तीन वेळा दफन, असा हिशोब जुने चरित्रकार मांडतात.

त्यांची पद्धत मात्र शागिर्दांकडे राहिली. त्या शागिर्दांच्या हाताखाली तयार झालेले इब्न अल-बव्वाब शिराझच्या एका अमीराचे ग्रंथालय सांभाळत. तिथे त्यांना इब्न मुकलांच्या हातचे कुरआनचे एकोणतीस पारे सापडले, तिसावा गहाळ. त्यांनी तो स्वतः लिहून, तसाच जुना दिसेल असा बांधून ठेवला. अमीराने सगळे पारे उलटसुलट करून पाहिले, नवा कुठला ते त्याला ओळखता आले नाही. बक्षीस म्हणून इब्न अल-बव्वाब यांनी ग्रंथालयात पडून असलेला कोरा चिनी कागद मागून घेतला, असे सांगतात. त्यांनी हिजरी ३९१ मध्ये बगदादला लिहिलेले एक कुरआन आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. इब्न मुकलांच्या पद्धतीच्या जवळ आपल्याला नेणारी भरवशाची वस्तू हीच.

छापखाना आला तेव्हा या मापाची मोठी परीक्षा झाली. बोरूने लिहिताना एकच अक्षर शेजार बघून रूप बदलते, उंच होते, खाली सरकते. शिशाच्या खिळ्यांना ते जमत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर वर्तमानपत्रांच्या घाईसाठी रूपे छाटून सोपी अरबी यंत्रांवर आणली गेली. काम झाले, पण अक्षर खुजे झाले. कैरोच्या बुलाक छापखान्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलटा रस्ता धरला होता : खर्च आणि मेहनत वाढली तरी चालेल, पण शेकडो खिळे पाडून नस्ख शक्य तितकी हाताच्या जवळ ठेवायची. इजिप्तचे संगणकतज्ज्ञ खालिद हुस्नी यांनी त्याच वळणावरून अमीरी हा फॉन्ट केला. तो कुणालाही मोफत घेता येतो. उर्दूसाठी हेच काम दिल्लीत जन्मलेल्या मिर्झा अहमद जमील यांनी १९८१ च्या सुमारास केले. हजारो जोडाक्षरे हाताने लिहून त्यांनी नूरी नस्तालीक संगणकावर आणली. पुढे मुंबईच्या उर्दू दैनिकांतले कातिबही उठले आणि त्यांच्या जागी संगणक आले.

आजचा अरब ग्राफिक डिझायनर या वारशाकडे दोन तऱ्हांनी बघतो. एक तऱ्हा सजावटीची : जुनी लिपी उचलायची आणि सोनेरी रंगात चिकटवायची. दुसरी इब्न मुकलांची, म्हणजे नाते मोजायचे. इंग्रजी आणि अरबी शेजारी लिहायचा विमानतळाचा बोर्ड घ्या. इंग्रजी लहान अक्षरांच्या उंचीला जुळवायला गेले की अलिफ दबते आणि बे, ते, से यांचे दात उगीच वाढतात. लेबनॉनच्या नादीन शाहीन यांनी फ्रुटिगर या प्रसिद्ध इंग्रजी टाइपची अरबी जोड तयार केली तेव्हा प्रश्न हाच होता. ॲमस्टरडॅमच्या खत्त फाउंडेशनने तर डच आणि अरब डिझायनरांच्या जोड्या लावून त्यावर काम करवून घेतले. अल-जझीरा वाहिनीचे थेंबासारखे चिन्हही कुठले चित्र नाही, त्या नावाचीच अक्षरे एकात एक गुंफली आहेत. एवढी वळवूनही अरबी वाचणाऱ्याला ती वाचता येतात, कारण अक्षरांचे आपापसातले प्रमाण सांभाळले आहे.

पत्रिका छापायला देताना एवढे करता येईल. बिस्मिल्लाह टाइप करून न देता अमीरीसारख्या फॉन्टमध्ये लावून चित्र म्हणून द्यावी, आणि ती लहानमोठी करायची तर चारही बाजूंनी सारखी करायला सांगावी. छापण्याआधी प्रूफ घरातल्या किंवा मशिदीतल्या अरबी वाचणाऱ्या माणसाला दाखवावे. आणि अलिफच्या शेजारी त्याच अक्षराचे नुक्ते पेन्सिलीने एकावर एक रचून बघावेत. मुले हे लगेच शिकतात, आणि मग बोर्डावरची ताणलेली अलिफ तीच आधी दाखवतात.