१५८८ सह्या आणि शिवराम जानबा कांबळे

पर्वती सत्याग्रह म्हटले की पुण्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी शिवराम जानबा कांबळे यांचे नाव येते. पण त्या सत्याग्रहाच्या आधी पंचवीसएक वर्षे हा माणूस एक वेगळेच काम चिकाटीने करत होता. गावोगावच्या लोकांना एकत्र करायचे, त्यांचे गाऱ्हाणे कागदावर उतरवायचे, खाली सह्या घ्यायच्या आणि तो अर्ज सरकारकडे धाडायचा. चळवळीच्या इतिहासात या कामाच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते.

कांबळे यांचा जन्म १८७५ चा. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. साहेबांच्या जेवणाची व्यवस्था पाहायची आणि उरलेल्या वेळात समाजाचे काम करायचे. ना पद, ना पैसा. जे वाचले, शिकले ते स्वतःच्या जिद्दीवर.

त्या वेळचा सर्वात मोठा घाव लष्करभरतीचा होता. १८९० नंतर इंग्रजांनी लढाऊ जातींचे खूळ डोक्यात घेतले आणि महारांची भरती बंद झाली. नुकसान केवळ पगाराचे नव्हते. पलटणीत शिपायाला आणि त्याच्या मुलांना शाळा मिळत असे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी तर लष्करी शाळेतच मुख्याध्यापक होते. ती वाट बुजली. कोकणात दापोलीला राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त लष्करी माणसाने याविरुद्ध अर्ज तयार केला, वर्तमानपत्रांतून लेख लिहिले. १९०० साली ते गेले आणि पुढचे काम पुण्यात कांबळे यांनी हाती घेतले.

१९०३ साली त्यांनी सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली. सरकारला जो अर्ज गेला त्यावर १५८८ सह्या होत्या. हा आकडा घाईने वाचून पुढे जाऊ नका. त्या काळी महारवाड्यात लिहिता-वाचता येणारे मोजकेच होते. ज्याचे पोट बलुत्यावर, त्याने पाटील-कुलकर्ण्यांच्या डोळ्यांदेखत सरकारी कागदावर आपले नाव घालू देणे म्हणजे जोखीमच. आज मोबाईलवर एक बोट दाबून पाठिंबा देता येतो. तेव्हा त्या एका नावापायी गावातली भाकरी बंद होऊ शकत होती. मागण्या काय होत्या? मुलांना सरकारी शाळेत प्रवेश आणि माणसांना पोलिसात, लष्करात, सरकारी नोकरीत जागा. सरकारने दाद दिली नाही.

कांबळे थांबले नाहीत. १९०४ मध्ये त्यांनी श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज काढला. पुढे १९०८ च्या जुलैत ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. आपले म्हणणे दुसऱ्याने छापावे म्हणून वाट का पाहायची? मासिक फार काळ चालले नाही, पण तेवढ्यात एक मोठी गोष्ट घडली. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहून मुरळी करण्याच्या चालीवर कांबळे यांनी त्यात सडकून लिहिले. त्याला शिवूबाई नावाच्या एका मुरळीचे पत्र आले. तिने स्वतःच्या जगण्याची दैना मांडली आणि लग्न करून संसार करण्याची तयारी दाखवली. कांबळे यांनी ते पत्र छापले. त्यांचे सहकारी गणपतराव गायकवाड पुढे आले आणि शिवूबाईंशी लग्न केले. मला विचाराल तर कांबळे यांच्या हातून गेलेल्या सगळ्या कागदांत हे एकच पत्र असे, की ज्याचे उत्तर लगेच मिळाले; आणि ते सरकारकडून नव्हे, आपल्याच माणसाकडून.

१९१० साली दख्खनच्या महारांच्या वतीने पुन्हा अर्ज गेला, या वेळी थेट लंडनला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे. आज आपल्या तरुणांना या अर्जांचा सूर खटकतो. साम्राज्यावरची निष्ठा सांगायची, पूर्वजांच्या पराक्रमाचा दाखला द्यायचा आणि मागायच्या काय, तर खालच्या दर्जाच्या नोकऱ्या! खटकणे बरोबरच आहे. पण ज्यांना दारात उभे करत नव्हते त्यांनी आधी दार तरी उघडा म्हटले, हेही ध्यानात घ्यायला हवे.

दार उघडले ते अर्जांनी नाही, महायुद्धाने. माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि काही वर्षांतच ती मोडली. मागणी पुन्हा जिथल्या तिथे.

तोवर काळ बदलला होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब भीमा-कोरेगावच्या विजयस्तंभापाशी आले, त्या सभेच्या आयोजनात कांबळे होते. १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले कांबळे त्याच्या पुढाऱ्यांत होते, सोबत पां. ना. राजभोज. सत्याग्रहींवर दगड पडले. अर्ज करून थकलेला माणूस शेवटी टेकडी चढायला निघाला, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. एकेक नाव जोडून माणसे उभी करायची सवय त्यांना सासवडपासूनच होती.

ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. सासवडच्या सभेला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी, १९४२ मध्ये, शिवराम जानबा कांबळे गेले.