विनोबांचे पंढरीदर्शन

पेण तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गालगत गडब हे गाव आहे. गडब, कासू, वडखळ या बाजूला माळकऱ्यांची घरे पुष्कळ. भाताची कामे सांभाळून आषाढी-कार्तिकी साधणारी ही मंडळी. याच पेण तालुक्यात डोंगराच्या अंगाला गागोदे म्हणून एक खेडे आहे. आडबाजूचे गाव, म्हणून आपल्यापैकी अनेकांचे तिकडे जाणे होत नाही. त्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे जन्मास आले. पुढे सारे जग त्यांना विनोबा म्हणून ओळखू लागले. भूदानाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती पुन्हा सांगावी असा हेतू नाही. देवळाच्या दारातून हा मनुष्य किती वेळा परत फिरला आणि पंढरीच्या दारातून आत कसा गेला, एवढेच आज सांगायचे आहे.

घरात देवभक्ती वाडवडिलांपासूनची. आजोबा शंभुराव यांची पूजा तासन् तास चाले. एकदा पूजा चालू असता देवावर एक विंचू येऊन बसला. मंडळी मारायला धावली. आजोबांनी सर्वांना थांबविले. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावायचा नाही, असे ठरवून त्यांनी तशीच पूजा पुरी केली. विंचू आपल्या वाटेने निघून गेला. पाहणारा नातू लहान होता, पण आश्रयाला आलेल्याला हाकलायचे नाही हे त्याच्या मनात तेव्हाच बसले असावे. आईचे नाव रुक्मिणी. माहेर कर्नाटकाकडचे, म्हणून कानडी भजनेही तिच्या तोंडी असत. एकदा तिने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला आणि रोज दाणा दाणा मोजून वाही. वडील शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले की थोडे तांदूळ मोजून तोलावेत आणि त्या मापाने लाखाचा हिशेब करावा, म्हणजे वेळ वाचेल. लेकाने आईची बाजू घेतली. दाण्यागणिक नाम घेतले जाते ते तराजूत कुठून यायचे बरे!

वडिलांची नोकरी बडोद्यास, तेव्हा शिक्षण तिकडे झाले. शाळा-कॉलेजात जीव रमेना. आई स्वयंपाक करीत असता एके दिवशी सर्टिफिकिटे चुलीत घातली. मार्च 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, ते मध्येच सुरतेस उतरून काशीची वाट धरली.

काशी म्हणजे देवळांचे नगर. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्यादेवी होळकरांनी अठराव्या शतकात बांधविले. अन्नपूर्णा, काळभैरव, पंचगंगा घाटावरचा बिंदुमाधव, पावलापावलावर देव उभा. आपल्या संप्रदायाला तर काशी दुहेरी जवळची, कारण नाथमहाराजांची भागवतावरील टीका पूर्ण झाली ती याच नगरीत, शके 1495 मध्ये. विनोबा तेथे गेले ते शिकण्यासाठी. अन्नछत्रात एक वेळ जेवावे, दक्षिणेचे दोन पैसे मिळत त्यात संध्याकाळचे भागवावे, आणि गंगेकाठी बसून चिंतन करावे असा क्रम होता. बरोबरचा एक तरुण मित्र तेथेच आजारी पडून वारला. परक्या गावात त्याचे अंत्यसंस्कार विनोबांनी स्वतः केले.

थोड्याच दिवसांपूर्वी, फेब्रुवारीत, गांधीजी काशीत हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभाला येऊन गेले होते. राजेरजवाड्यांच्या देखत त्यांनी विश्वनाथाच्या मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्यांतील घाणीची गोष्ट काढली होती. देवळाचा परिसर असा असेल तर आमचे स्वराज्य कसे असेल, असा त्यांचा रोख होता. सभेत गडबड झाली, भाषण अर्धे राहिले. काशीत त्याची चर्चा अजून चालू होती. विनोबांनी ते वर्तमानपत्रात वाचले, पत्र लिहिले, आणि 7 जून 1916 रोजी अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात ते दाखल झाले. या आश्रमात अस्पृश्य मानलेल्या एका कुटुंबाला राहावयास घेतले म्हणून आश्रमाची मदत बंद पडण्याची पाळी आधीच येऊन गेली होती. काशीस देव शोधायला गेलेला मुलगा असा जेथे सोवळेओवळे उरले नव्हते तेथे जाऊन पोचला.

नंतरची वर्षे भराभर सांगतो. 1917 साली रजा घेऊन वाईच्या प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन. 1918 साली आई गेली. 1921 पासून वर्धा. 1925 साली गांधीजींनी त्यांना केरळात वायकोमला पाठविले. तेथे महादेवाच्या देवळात जाणे तर दूरच, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरूनही खालच्या मानलेल्या जातींना चालण्याची बंदी होती. वर्ध्याचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 साली सर्वांना खुले केले. आईने एकदा मराठी गीता मागितली होती. ती त्यांनी 1930-31 मध्ये गीताई म्हणून लिहिली, पण वाचायला आई नव्हती.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. विनोबा कोरडे, तर्काचे. गुरुजी डोळ्यांत पाणी घेऊनच जन्मलेले. दोघेही कोकणचे आणि दोघांनाही विठोबाची ओढ. 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडावे म्हणून गुरुजी गावोगाव हिंडले आणि 1 मेपासून पंढरीतच तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण मांडले. ते 10 मे रोजी सुटले व मंदिर खुले झाले. एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेळी आपल्या वारकरी मंडळींतही दोन तट होते. चोखोबांचे अभंग टाळ-मृदंगावर गाणारेच कित्येक जण चोखोबांच्या जातभाईंना आत घेण्याच्या विरुद्ध उभे राहिले. तनपुरे महाराजांनी मठाचे दार उघडे ठेवले, हे संप्रदायाचे भाग्य.

गुरुजी उपाशी बसले होते त्या दिवसांत विनोबा काय करीत होते? पवनारजवळच्या सुरगावात रोज फावडे खांद्यावर टाकून जात आणि गावची घाण साफ करीत. हे काम पुष्कळ महिने चालले होते. तीही एक वारीच म्हणायची.

1951 साली तेलंगणात पोचमपल्ली येथे भूदान सुरू झाले आणि मग तेरा वर्षे पायी चालणे. वाटेत मोठमोठी क्षेत्रे लागत. 19 सप्टेंबर 1953 रोजी बिहारात देवघर येथे बैद्यनाथाच्या दर्शनाला ते हरिजन मंडळींसह गेले. प्रवेशाला हरकत नाही असे आधी कळले होते, म्हणूनच गेले. बळजबरीने शिरण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. पण पंड्यांनी हल्ला केला. सोबत्यांनी कडे करून बहुतेक मार आपल्या अंगावर घेतला. तरी एक तडाखा विनोबांच्या डाव्या कानावर बसलाच आणि त्या कानाने पुढे ऐकू येईनासे झाले. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये असे त्यांनी लगेच कळविले. थोड्याच दिवसांत बिहारचे मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह हरिजनांना घेऊन त्याच देवळात गेले.

येथवरचा प्रश्न हिंदूंतल्या हिंदूंचा होता आणि त्यावर कायदेही झाले. विनोबा यापुढे गेले. मार्च 1955 मध्ये ते जगन्नाथपुरीस होते. सोबत एक फ्रेंच बाई होती, श्रद्धेने आलेली. तिला आत घेता येणार नाही असे मंदिरवाल्यांनी सांगितले. विनोबा एकटे जाऊ शकत होते. त्यांना कोण अडवणार? ब्राह्मण, संस्कृत जाणणारे, देशभर मान. त्यांनी बाहेरूनच नमस्कार केला आणि परत फिरले. केरळात गुरुवायूरला ख्रिस्ती सोबत्यांमुळे हेच घडले आणि तेथूनही ते परतले. रागावणे नाही, धरणे नाही. देवळाचे नियम ठरविण्याचा हक्क देवळाचा, पण सोबत्याला टाकून आत जायचे की नाही हे ठरविण्याचा हक्क यात्रेकरूचा, असा त्यांचा साधा हिशेब होता. कर्नाटकात मात्र निराळे घडले. रामानुजाचार्यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या मेलकोट्यास ख्रिस्ती सोबत्यांसह, आणि गोकर्ण-महाबळेश्वरास एका मुसलमान सोबत्यासह त्यांना प्रवेश मिळाला.

काही सज्जनांना हे पटणार नाही. ज्याची श्रद्धा नाही त्याला गाभाऱ्यात काय काम, असे ते विचारतील. प्रश्न वावगा नाही. पण जो श्रद्धेने आला आहे त्याची जात-धर्म दारात तपासायचा की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद ज्यांनी आपल्या संतमालिकेत गुंफले त्यांना तो परका वाटू नये.

1958 साली यात्रा महाराष्ट्रात आली. मे महिन्याच्या अखेरीस पंढरपुरात सर्वोदय संमेलन भरायचे होते. आता काय होणार, याची अनेकांना धाकधूक होती. पुरी, गुरुवायूर ही परमुलखातली क्षेत्रे होती, पण पंढरी म्हणजे विनोबांचे माहेर. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांचे अभंग निवडून त्यांवर त्यांनी जन्मभर चिंतन केले, पुस्तके लिहिली. चालताना ओठांवर तेच असे. या दारातून परतावे लागले असते तर तो घाव देवघरच्या घावापेक्षा खोल गेला असता. आणि तरीही, सोबत्यांना मज्जाव झाला तर ते परतणार होते यात शंका नव्हती. पण पंढरीने तशी वेळच आणली नाही. तेव्हा मंदिर बडव्यांकडे होते. (तो हक्क आता राहिलेला नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला.) मंदिराच्या सेवाधाऱ्यांनी स्वतः होऊन सर्व सोबत्यांसह दर्शनास येण्याचे निमंत्रण दिले.

पंढरीचे मंदिर आपणा सर्वांच्या पायाखालचे आहे. तरी ज्या क्रमाने जातो तो क्रम या प्रसंगी आठवावा. चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिक. तेथून वर आले की महाद्वार. तेथे पहिली नामदेव पायरी, आणि समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली चोखोबा गाडले गेले आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी दिली, अशी परंपरा आहे. हयातीत आत पाऊल न पडलेला भक्त शतकानुशतके त्या दारात राहिला. पुढे सभामंडप, गरुडखांब, सोळखांबी, चौखांबी, आणि मग विटेवरचे समचरण. दुसऱ्या मोठ्या क्षेत्रांत बहुधा देव लांबून पाहायचा असतो. पंढरीस पायांवर डोके ठेवायला मिळते. येथे दाराची अटक म्हणूनच अधिक बोचते. ज्या देवाला मिठी मारता येते त्याच्या दारात माणसे उभी ठेवायची, ही काय तऱ्हा!

त्या वाटेने विनोबा गेले. सोबत मुसलमान होते, ख्रिस्ती होते. त्यांचे 63वे वर्ष चालू होते. शब्दाशब्दाचा कीस काढणारा हा तर्ककठोर मनुष्य विठोबापुढे उभा राहिला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. काही केल्या खळेनात. साने गुरुजी मात्र हे पाहायला नव्हते. ते 1950च्या जूनमध्येच गेले होते.

पुढचे आयुष्य पुष्कळ मोठे आहे. भूदानात मिळालेली सारी जमीन वाटली गेली नाही, काही निकस निघाली, आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेवर टीका झाली. तो विषय निराळा. आपल्यापुरती आणखी एकच गोष्ट.

1938 साली विनोबा प्रकृती खालावली म्हणून पवनारला धाम नदीच्या काठी राहावयास आले. तेथे शेत खणताना जमिनीतून एक जुनी शिल्पाकृती निघाली. राम आणि भरत एकमेकांना भेटत आहेत अशी. विनोबांनी तिची स्थापना केली आणि तेच त्यांच्या आश्रमाचे देऊळ झाले. 1959 साली तेथेच त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. नोव्हेंबर 1982 मध्ये आजार आला तेव्हा त्यांनी औषध आणि अन्नपाणी सोडले आणि 15 तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. धामच्या काठीच त्यांना अग्नी दिला. भरत-रामाची ती मूर्ती आजही पवनारला आहे.