टेलच्या शेतापर्यंत पाणी पोचावे म्हणून वाईटपणा घेतलेले विश्वेश्वरय्या

१५ सप्टेंबर आला की अभियंता दिन, हार, भाषणे आणि सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा तोच फेट्यातला फोटो. कर्नाटक त्यांना घरचा माणूस मानते, ते बरोबरच आहे. पण त्यांच्या नोकरीची जवळपास २५ वर्षे मुंबई इलाख्यात गेली आणि पाणीवाटपाचे धडे त्यांनी खानदेश-पुण्याकडे गिरवले, हे फारसे सांगितले जात नाही.

जन्म १८६१ चा, चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. बंगळुरात शिकवण्या करत बी. ए. झाले, मग म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ ला पहिल्या नंबराने इंजिनिअर झाले आणि १८८४ ला थेट सरकारी बांधकाम खात्यात लागले. सुरुवातीच्याच कामांत एक होते धुळ्याकडे पांझरा नदीच्या पोटातून पाइप टाकून पाणी पलीकडे नेण्याचे. ऐन पावसाळ्यात नदीने दमवले, पण काम पुरे केले.

याच पांझरेवर शेतकऱ्यांची शेकडो वर्षांची फड पद्धत होती. शिवाराचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, दरवर्षी अदलाबदल आणि पाणी पाटकऱ्याच्या हातून. विश्वेश्वरय्यांनी पुढे जे केले ते याच्या इतके जवळचे आहे की तरुण इंजिनिअरने हे डोळे उघडे ठेवून पाहिले असावे, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

मधे सिंधमधल्या सक्करला शहराचे पाणी आणून ते १८९९ ला पुण्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले, आणि खरा वाद इथे पेटला. दख्खनच्या कालव्यांवर पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर ठरायची, किती पाणी घेतले यावर नाही. म्हणजे उसाचा दर एकदा भरला की बारी मोडून रान तुडुंब भरले तरी पट्टी तेवढीच! मुखाकडच्याचा ऊस डोलायचा, टेलचा शेतकरी कोरड्या चारीकडे बघत बसायचा. वर जास्तीच्या पाण्याने चांगल्या जमिनी चोपण व्हायच्या त्या वेगळ्याच.

विश्वेश्वरय्यांनी मुठा कालव्यावर पाळी लावली. ठरल्या दिवशी पाणी, एरवी नाही. बागायतदारांनी ओरड केली, पुण्याच्या वर्तमानपत्रांतही टीका झाली. सरकार पाणी तोडते म्हणून बोंब उठली. हे शेतकऱ्यांना भेटले, हिशेब समजावला, पण पाळी सोडली नाही. नीरेच्या कालव्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत मांडली. पाणी मूठभर गावांत न जिरवता जास्त गावांत वाटायचे, गावात ठरावीक गट पाडायचे, गटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस, बाकीत कमी पाण्याची पिके, आणि पाण्याची हमी काही वर्षांच्या करारावर. म्हणजे पट्टी भरणाऱ्याला आपल्या वाट्याचे पाणी किती, हे आधीच कळणार. ऊस किती लावायचा हे पाण्यावरून ठरावे, ही गोष्ट आजही कृष्णाकाठी बोलायला जड जाते. त्यांनी ती सव्वाशे वर्षांपूर्वी कागदावर आणली.

१९०३ ला खडकवासल्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरल्या पातळीवर चढले की दरवाजा आपोआप उघडतो, उतरले की मिटतो. भिंत न वाढवता तळ्यात सुमारे ८ फूट जास्त पाणी राहू लागले. तसेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरच्या तिगऱ्यालाही लागले.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीने हैदराबाद धुऊन नेले, हजारो माणसे गेली. निजाम सरकारने पुढच्या वर्षी त्यांना बोलावले. शहराच्या वर दोन तलाव बांधून पूर तिथेच अडवा, हा त्यांचा सल्ला. त्यातून १९२० ला उस्मानसागर, म्हणजे आपल्या हैदराबादकरांचे गंडीपेट, आणि १९२७ ला हिमायतसागर उभे राहिले. पूरही अडला आणि नळाला पाणीही आले.

१९०९ ला ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर झाले. १९११ ला कृष्णराजसागरचे काम सुरू झाले. मद्रास सरकारने हरकत घेतली आणि कावेरीच्या पाण्याचा करार व्हायला १९२४ उजाडले. तोवर दिवाणपद सोडून त्यांना पाच-सहा वर्षे झाली होती. १९५५ ला भारतरत्न मिळाले. एप्रिल १९६२ मध्ये, शंभरी पार केल्यावर ते गेले. समाधी मुद्देनहळ्ळीला आहे.