हातातला खराटा

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. 20 डिसेंबर 1956 रोजी या पुलाजवळ, मोटारीतच, गाडगेबाबांनी देह ठेवला. वय 80. त्याच नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं होतं. स्वतःचं घर त्यांना नव्हतं, आणि रिकामपणही नव्हतं.

दर नोव्हेंबरात मी या पुलावरून जातो. अकोल्याच्या शाखेतला माझा एक जुना सहकारी वृद्धाश्रमात राहतो. त्याच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो. कधीकाळी तो कॅशियर होता. दोन वर्षांपूर्वी पाहिलं तर हात मांडीवर ठेवून नुसता बसलेला. कंबर दुखते, झोप नाही, भाकर जात नाही, एवढंच सांगे. वय झालं, म्हणून मी उठून आलो. ते नैराश्य होतं, हे पुढे डॉक्टरांनी ओळखलं. म्हातारपणी ते पुष्कळदा रडत येत नाही, दुखण्याचं सोंग घेऊन येतं. माझी चूक मला आजही बोचते.

बाबा 23 फेब्रुवारी 1876 रोजी शेंडगावी जन्मले, तेव्हाचा डेबूजी. दारूपायी वडील गेले. मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे, तो वाढला. 1905 मध्ये आई, बायको, मुलं मागे ठेवून निघून गेला. कादंबरीकार म्हणून मी इथे नेहमी अडखळतो. पंढरपूर, नाशिक, आळंदीला परक्यांसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या लेकाची त्या माउलीने किती वाट पाहिली असेल?

पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. गावात शिरताच आधी खराटा चालवायचा, मग गाडग्यात भाकर घ्यायची. आणि रात्री कीर्तनात उपदेश कमी, प्रश्नच जास्त. समोरच्या अडाणी माणसालाही ते विचारीत आणि उत्तरासाठी थांबत. वृद्धाश्रमात जेवण वेळेवर मिळतं, कपडे धुतले जातात. काही विचारायला मात्र कोणी येत नाही.

सहकाऱ्याला गोळ्या सुरू झाल्या, त्या लागू पडल्या. आश्रमाच्या दुधाचा हिशेब लिहायचं कामही डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच्याकडे आलं. गेल्या नोव्हेंबरात दाखल्यावर सही करायला त्याने मला अर्धा तास ताटकळत ठेवलं. दोन लिटरचा फरक येत होता.