गांज्याचा डोस मोजून पाहणारे डॉक्टर: विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी

फिट येणाऱ्या मुलांचे पालक, कॅन्सरचे रुग्ण, सांधेदुखीने हैराण झालेले ज्येष्ठ नागरिक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: गांज्यापासून बनवलेले तेल किंवा थेंब घेतले तर चालतील का? या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात एका डॉक्टरने केला होता. त्यांना तेव्हा आलेल्या अडचणी समजल्या, की आजची काळजी कशासाठी घ्यायची हेही कळते.

सलाइनपासून सुरुवात

विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी एडिंबरा येथे घेतले. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. त्यांनी रुग्णांचे रक्त तपासले. त्यातील पाणी आणि क्षार खूप कमी झाल्याचे त्यांना आढळले आणि ही तूट शिरेतून भरून काढावी, असे त्यांनी सुचवले. १८३२ मध्ये डॉ. थॉमस लाटा यांनी हा उपाय रुग्णांवर करून पाहिला. आज जुलाब-उलट्यांच्या रुग्णाला आपण सलाइन लावतो, त्याची सुरुवात इथे आहे.

कोलकात्यातील प्रयोग

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात आले. १८३५ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि ते तिथे रसायनशास्त्र शिकवू लागले. भांग, गांजा आणि चरस यांचा औषधी वापर आयुर्वेदात आणि युनानीत आधीपासून होता. ओ'शॉनेसींनी ही माहिती पंडित मधुसूदन गुप्तांसारख्या इथल्या जाणकारांकडून समजून घेतली. मग आधी प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर प्रयोग केले. १८३९ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष मांडले.

संधिवाताच्या तीन रुग्णांचा अनुभव इथे महत्त्वाचा आहे. त्यांना गांज्याच्या राळेचा थोडासा डोस दिला गेला. एक जण आधी बडबडू लागला, गाऊ लागला, खायला मागू लागला. काही तासांनी तो बेशुद्धासारखा झाला; त्याचा हात जसा ठेवावा तसाच राहत होता. दुसऱ्या एकावर मात्र काहीच परिणाम दिसला नाही, कारण त्याला गांजा ओढण्याची सवय होती.

झटके येणाऱ्या अवघ्या चाळीस दिवसांच्या एका मुलीलाही त्यांनी गांज्याचा अर्क दिला. अगदी थोड्या थेंबांपासून सुरुवात करून डोस वाढवत नेला. झटके थांबले, पण परत आले, आणि आधीच्या डोसने भागेना. शेवटी मूल बरे झाले. धनुर्वाताच्या काही रुग्णांचे स्नायू सैल पडले. रेबीजचा रुग्ण मात्र वाचला नाही. त्याच्या यातना तेवढ्या कमी झाल्या. ओ'शॉनेसींनी हा फरक प्रामाणिकपणे नोंदवला. गांज्याच्या अतिरेकाने होणाऱ्या भ्रमाबद्दलही त्यांनी इशारा दिला.

औषध मागे का पडले?

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला रजेवर इंग्लंडला जाताना त्यांनी गांजा सोबत नेला. लंडनचे औषधनिर्माते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क बनवला आणि तो युरोपभर वापरला जाऊ लागला. पण प्रत्येक खेपेच्या अर्काची ताकद वेगळी असायची. एका बाटलीने काहीच होत नसे, तर दुसरीच्या तेवढ्याच थेंबांनी रुग्ण भ्रमिष्ट होई. अर्क पाण्यात विरघळत नसल्याने इंजेक्शनही देता येत नसे. पुढे अधिक भरवशाची औषधे आली आणि १९३२ मध्ये ब्रिटिश औषधसंहितेतून तो वगळला गेला.

ओ'शॉनेसी स्वतः तोवर दुसऱ्याच कामाकडे वळले होते. कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारे तारायंत्राचे जाळे त्यांनी उभारले. त्यासाठी १८५६ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय बदलले?

गांज्यातील नशा आणणारा मुख्य घटक, टीएचसी, १९६४ मध्ये इस्रायलमध्ये वेगळा केला गेला. सीबीडी या घटकाने तशी नशा येत नाही. मोजून बनवलेल्या शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये लहान मुलांतील दोन गंभीर प्रकारच्या फिट्ससाठी मान्यता मिळाली. म्हणजे ओ'शॉनेसींच्या अर्कात नसलेली खात्री आज मिळू शकते, पण ती प्रमाणित औषधातच. घरी काढलेल्या किंवा अनोळखी विक्रेत्याकडून घेतलेल्या तेलाची अडचण तेव्हाचीच आहे.

घेण्यापूर्वी हे लक्षात ठेवा

- भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार परवानगीशिवाय गांजा किंवा चरस बाळगणे गुन्हा आहे. औषध म्हणून घेत होतो, एवढे सांगून सुटका होत नाही. नुसती पाने म्हणजे भांग या व्याख्येत येत नाही, पण तिच्यावर राज्यांचे नियम लागू होतात. महाराष्ट्रात भांगेलाही परवाना लागतो.
- भांग असलेली आयुर्वेदिक औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची असतात. लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक पाहा, डॉक्टरांची चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा.
- परदेशात कायदेशीर मिळालेले तेल भारतात आणणेही अडचणीचे ठरू शकते. नातेवाइकांना ते आणायला सांगू नका.
- रक्त पातळ करणारे वॉरफरिन, फिटसाठीचे क्लोबाझाम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. सीबीडीमुळे या औषधांचा परिणाम किंवा दुष्परिणाम वाढू शकतात.
- गरोदरपणी, स्तनपान करताना, तसेच स्वतःला किंवा घरात कुणाला गंभीर मानसिक आजार असल्यास ही उत्पादने टाळा. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
- गुंगी येत असताना वाहन चालवू नका.
- फिटची चालू गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. ती अचानक थांबवल्यास फिट्स वाढून जिवाला धोका होऊ शकतो.

हे तेल तुम्ही आधीच घेत असाल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. पुढच्या भेटीला बाटली सोबत न्या आणि रोज किती थेंब घेता ते सांगा.